चुका वाचणाऱ्या तामोरेबाई

नलिनी तामोरेबाईंचा आणि माझा परिचय झाला तो माझ्या उतावळेपणामुळे. बोईसरच्या शाळेत मी तेव्हा नववीत नव्याने दाखल झालो होतो. वडील जळगावकडचे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात लागलेले. आमच्या चाळीत उत्तरेकडचे कामगार जास्त, त्यामुळे माझे बोलणे म्हणजे अर्धी अहिराणी, अर्धी हिंदी आणि उरलेसुरले पुस्तकी मराठी. बाई फळ्याकडे तोंड करून काही विचारत होत्या. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच मी मागच्या बाकावरून उत्तर ठोकून दिले. उत्तर बरोबर होते, पण माझ्या बोलण्याच्या धाटणीला वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या वळल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, "का?" मला कारण सांगता येईना. बाईंनी टेबलावरची एक लांबट वही उघडली, तीत दोन ओळी लिहिल्या आणि तास पुढे चालू केला.

त्या वहीची आम्हा पोरांना मोठी धास्ती होती. प्रत्येक मुलाला तीत एक पान होते. आमची समजूत अशी, की बाई त्यात आमचे गुन्हे टिपून ठेवतात. एकदा मधल्या सुट्टीत बाई कार्यालयात गेल्या असताना मी ती वही उघडून पाहिली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे कबूल करायला आता हरकत नसावी. माझ्या पानावर लिहिले होते, 'किरण. प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. बरोबर आले तरी कारण विचारावे. घरी काय बोलतात ते ऐकून येणे.' शेजारच्या पानावर एका मुलीविषयी होते, 'पाठ केलेले घडाघडा म्हणते. मध्येच थांबवले तर रडते. थांबवू नये, दुसऱ्या दिवशी निराळे वाक्य द्यावे.' गुण कुठेच नव्हते. मी वही होती तशी ठेवली आणि बाहेर पळालो.

'ऐकून येणे' हे त्यांनी नुसते लिहिले नव्हते. पुढच्याच रविवारी बाई आमच्या खोलीत आल्या, आईपुढे चटईवर बसल्या आणि तासभर तिची अहिराणी ऐकत राहिल्या. आईला आधी संकोच वाटला, मग तिने माहेरच्या विहिरीपासून सुरुवात केली आणि ती थांबेचना. जाताना बाईंनी पिशवीतून सुक्या बोंबलांचा पुडा काढून आईच्या हातात ठेवला. आमचे घर शाकाहारी. आईने तो पुडा दोन बोटांत धरून शेजारी पोचवला, पण 'बाईंनी प्रेमाने दिला' असे चार घरी सांगून आली. बाईंना हे कळले तेव्हा त्या खजील झाल्या आणि पुढच्या खेपेला चिकू घेऊन आल्या. पुढे वडिलांचा कारखाना काही महिने बंद राहिला, तेव्हा माझी दहावीची पुस्तके कोणी आणून दिली हे मला विचारू नये. बाईंना ते आवडणार नाही.

बाई दातिवऱ्याच्या. वडिलांची होडी होती, आई मासळी घेऊन बाजारात बसे. शिकवताना बाईंचे मराठी अगदी नीटनेटके, पण रागावल्या की दातिवरे जिभेवर येते, 'नाय' आणि 'हाय' ऐकू येऊ लागते आणि मग समोरच्याने गप्प बसावे हे बरे. त्यांच्या बालपणाविषयी त्या फारशा बोलत नाहीत. एकदाच मला म्हणाल्या, की पहिलीत असताना गुरुजींनी त्यांचे प्रत्येक वाक्य चूक धरले, तेव्हा त्यांनी बोलणेच सोडले. वर्षभर त्या वर्गात एक शब्द बोलल्या नाहीत. वर्षाच्या शेवटी गुरुजींनी प्रगतिपुस्तकात लिहिले, 'मुलगी मंद आहे.' त्या शेऱ्याचा त्यांच्या आईने काय अर्थ घेतला असेल, या विचाराने बाईंचा आवाज त्या दिवशी बदलला. मुलाबद्दल कागदावर जे लिहिले जाते ते मुलाच्या आयुष्यात जाऊन बसते, म्हणून लिहिणाऱ्याचा हात लिहिताना अडखळला पाहिजे, असे त्यांचे मत आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाच्याही पानावर 'मंद' हा शब्द लिहिला नाही.

मी पुढे संगणकाचे शिक्षण घेतले आणि पुण्यात नोकरी केली. वडिलांच्या छातीचे दुखणे वाढले तेव्हा बोईसरला परतलो आणि घरून काम करू लागलो. बाई निवृत्त होऊन पालघरला राहत होत्या. मला बोलावून घेतले आणि खाटेखालून त्यांनी सगळ्या वह्या बाहेर काढल्या. म्हणाल्या, "मी सांगते तसं हे तुझ्या संगणकाला शिकवता येईल का बघ. माझ्यानंतर या वह्या कोण वाचणार?" त्यातून आमचा 'उजळणी' हा कार्यक्रम उभा राहिला. पाड्यांवरच्या मुलांना आणि बोईसरच्या हिंदी बोलणाऱ्या कामगारांच्या मुलांना फोनवर लेखी मराठी शिकवणारा. नावही बाईंनीच दिले.

वाचकांसाठी थोडे सांगतो. असा कार्यक्रम सगळ्यांना एकच धडा देत नाही. शिकणाऱ्याची उत्तरे पाहून तो त्याचे एक चित्र मनाशी, म्हणजे यंत्राशी, बांधतो. याला काय येते, कुठे अडते, काय विसरत चालला, पुढे काय द्यावे. आमच्या धंद्यात याला लर्नर मॉडेल म्हणतात. बाई त्याला 'पान'च म्हणत आल्या. हे पान जितके खरे तितके शिकवणे खरे, आणि पान खोटे निघाले तर यंत्र एका कल्पनेतल्या मुलाला शिकवत बसते आणि समोरचे मूल तसेच राहते. मला ही गोष्ट सोपी वाटत होती. बरोबरला एक, चुकीला शून्य, बेरीज करा, झाले. बाईंनी मला पहिल्याच महिन्यात जमिनीवर आणले.

एक उदाहरण देतो. मूल काही वेळ गप्प राहिले, तर त्याला उत्तर येत नाही असे माझे यंत्र धरत असे. बाई आठवडाभर यावर भांडल्या. त्यांचे म्हणणे, काही मुले खात्री झाल्याशिवाय बोटसुद्धा उचलत नाहीत आणि ती मुले सर्वांत पक्की असतात. मी म्हटले, यंत्राला हे कसे कळणार. त्या म्हणाल्या, मग यंत्राला थांबायला शिकव. थांबणे हा माझ्या स्वभावातला दोष नाही, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल. शेवटी मी ते केले. यंत्र थांबू लागले आणि कित्येक गप्प मुलांची पाने महिन्याभरात पालटली. बाईंनी त्याबद्दल मला शाबासकी दिली नाही. त्यांनी पुढची वही उघडली.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी उचलली तो सांगतो. तो सांगताना माझी थोडी अब्रू जाईल, त्याला इलाज नाही.

मनोरच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. तिथली वनिता नावाची मुलगी तेव्हा दहावीला होती. पालघरमधली एक संस्था दर वर्षी पाड्यांवरच्या काही मुलींना अकरावीपासून आपल्या वसतिगृहात ठेवून घेते. राहणे, जेवण, कॉलेज सगळे संस्थेकडे. मुली निवडताना संस्था आमच्या पानांवर विसंबत असे आणि यादीवर बाईंची सही लागे. वनिताला जागा मिळाली तर ती पुढे शिकणार होती. नाही मिळाली तर दिवाळीनंतर बाप आणि भावासोबत वीटभट्टीवर जाणार होती. बापाने तसे सांगूनही ठेवले होते. दोन्हींच्या मध्ये तिसरी वाट नव्हती.

यादी तयार करायचे काम माझ्याकडे होते. वनिताचे पान पाहून मी चक्रावलो. शाळेत फोन न्यायला बंदी, म्हणून फोन घरीच राही. रोज दुपारी त्या फोनवर धडे सोडवले जात आणि ते बहुतेक चुकत. संध्याकाळी तेच धडे जवळपास बिनचूक येत. यंत्र बिचारे दुपारी तिला खालच्या पायरीवर उतरवी आणि संध्याकाळी पुन्हा वर चढवी. मी लगेच निकाल लावला. दुपारी चुकते ती खरी वनिता, शाळा बुडवून घरी बसलेली. संध्याकाळी कोणीतरी शिकलेला तिला उत्तरे सांगतो. फोन आम्हीच देत असू आणि 'एक फोन, एकच मूल' असा आमचा नियम होता. दुसऱ्या कोणी वापरला तर फोन परत. मी वनिताला बोलावून घेतले आणि विचारले, फोन दुसरे कोणी वापरते का. मान खाली घालून ती म्हणाली, "नाय. मीच." तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा तेच ऐकले. मी तिच्या नावापुढे लिहिले, 'दुसऱ्याकडून उत्तरे घेते. भरवसा ठेवता येत नाही.' आणि नाव यादीतून काढले.

त्या आठवड्यात बाईंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यावर पट्टी होती. मी यादी आणि पानांचा गठ्ठा घेऊन गेलो, तोंडी चार शब्द सांगितले आणि त्यांनी माझ्यावर विसंबून सही केली. यादी संस्थेकडे गेली.

पट्टी निघाल्यावर बाईंनी पहिले काम सांगितले ते असे, की ज्यांची नावे गळली त्यांची पाने घेऊन ये. निवडलेल्यांची नकोत. वनिताचे पान त्यांनी हातातल्या भिंगाने दोनदा वाचले. मग मला विचारले, "शाळेतली हजेरी पाहिलीस?" मी पाहिली नव्हती. मला ते सुचलेच नव्हते. बाईंनी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला. वनिता त्या महिन्यांत एक दिवसही गैरहजर नव्हती. दुपारी चुकत होती ती वनिता नव्हतीच. तरीही हेका सोडवेना, म्हणून मी म्हणालो, मग तर ती आपल्याशी खोटेच बोलली. बाई म्हणाल्या, "बोलली. कुणासाठी बोलली ते बघायला हवं."

त्यांनी माझ्याकडून दुपारची सगळी चुकलेली उत्तरे कागदावर छापून घेतली. नवा चष्मा अजून यायचा होता. दोन दिवस त्या दारातल्या उजेडात बसून भिंगाने त्या चुका वाचत होत्या. बाईंची हीच पद्धत आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचे सारखेच असते, त्यातून माणूस कळत नाही, असे त्या म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले आणि भलताच प्रश्न केला, "किरण, राब कधी भाजतात रे?"

मी सांगितले, कापणी झाल्यावर. बाईंनी एक कागद पुढे सरकवला. 'उजळणी'त भातशेतीचा एक धडा आहे. पाच वाक्ये उलटसुलट दिलेली, ती कामाच्या क्रमाने लावायची. तो धडा मी लिहिला होता आणि 'राब भाजला' हे वाक्य मी शेवटी ठेवले होते, भात कापून झोडून झाल्यावर. राब म्हणजे शेतात पसरलेला पालापाचोळा आणि शेण. तो भाजतानाचा धूर उन्हाळ्यात डोंगरांवर दिसतो, तो मी शाळेत असल्यापासून पाहत आलो होतो. आमच्या खानदेशात कापूस निघाला की पऱ्हाट्या जाळतात, तसेच हेही असेल असे मी धरून चाललो. कोणाला विचारले नाही. दुपारच्या त्या माणसाने 'राब भाजला' पहिल्या जागी ठेवले होते. यंत्राने चूक दिली. पुन्हा पहिल्या जागी. पुन्हा चूक. तीन चुका झाल्या की यंत्र खाली ढकलते. ते माणूस खालचे सगळे धडे करून पुन्हा वर येई आणि पुन्हा राब पहिल्या जागी ठेवी. असे अकरा वेळा झाले होते. यंत्राने शेरा मारला होता, 'क्रम समजत नाही.'

बाईंनी दुसरा कागद दाखवला, संध्याकाळचा. वनिताने पहिल्या खेपेला राब पहिलाच ठेवला होता. चूक आली तसे दुसऱ्या खेपेला यंत्राला हवे तसे शेवटी टाकून ती पुढे गेली होती. मग बाईंनी मला आठवड्याआठवड्याचे कागद ओळीने लावून दाखवले. दुपारच्या बाकीच्या चुका दर आठवड्याला कमी होत गेल्या होत्या. पहिल्यांदा ज्याला दोन शब्द धड जोडता येत नव्हते, ते माणूस चार महिन्यांत परिच्छेद वाचू लागले होते. राबाची एक चूक तेवढी जशीच्या तशी राहिली होती. बाई म्हणाल्या, "संध्याकाळची पोर तुझं ऐकते. दुपारचं माणूस तुला सांगतंय, आणि तू त्याला खाली ढकलतोयस." एवढे बोलून त्यांनी पायात चपला घातल्या.

एसटीने मनोर, तिथून रिक्षा आणि शेवटचा अर्धा तास चढण. बाईंचा एक डोळा अजून दुखत होता, ऊन लागत होते. मी दोनदा म्हटले की मी एकटा जाऊन येतो. त्या म्हणाल्या, तू एकट्याने निकाल लावलास त्याचीच ही गत आहे.

घरात वनिता आणि तिची आई सोनीबाई होत्या. बाप आणि भाऊ भट्टीवर. वनिताच्या दहावीसाठी आणि म्हाताऱ्या सासऱ्यासाठी सोनीबाई त्या वर्षी मागे राहिल्या होत्या. मला पाहून वनिताचा चेहरा उतरला. बाईंनी फोनचे नाव काढले नाही. पाणी घेतले, सासऱ्याची विचारपूस केली, कुडाजवळ गोवऱ्या रचल्या होत्या त्यांच्याकडे पाहिले. मग आपल्या दातिवऱ्याच्या बोलीत सोनीबाईंना म्हणाल्या, की आमच्या त्या धड्यात लिवलाय, भात कापल्यावर राब भाजतात. या मास्तरानेच लिवलाय. बराबर हाय का?

सोनीबाई चुलीजवळूनच म्हणाल्या, "खोटा हाय ता. आदी राब भाजाचा, मंग पेराचा. त्याला किती येला सांगला, ऐकतच नाय."

बोलून झाल्यावर आपणच आपल्याला उघडे पाडले हे त्यांच्या लक्षात आले. वनिताने भिंतीकडे तोंड केले. मग सोनीबाई उठून बाईंपुढे आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचा काय नाय त्याच्यात. मीच घेतलाय तो फोन. तिचा नाव नको कापू, बाई."

ते नाव मी आधीच कापलेले होते आणि मी तिथेच उभा होतो. बाईंनी पिशवीतून तो दुपारचा कागद काढला, सोनीबाईंच्या हातात दिला आणि वाचायला सांगितला. सोनीबाईंनी पदराला हात पुसले. एकेका शब्दाखाली बोट ठेवत त्यांनी पाचही वाक्ये वाचली. सावकाश, पण न चुकता. आपल्या आईला मोठ्याने वाचताना वनिताने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. दुपारी आजा झोपला की आई फोन काढते, हे तिला ठाऊक होते. पाड्यावर हसतील म्हणून आईने ते कोणाला कळू दिले नव्हते आणि नियमामुळे फोन गेला तर आईचे शिकणे बंद पडेल, म्हणून मुलीने सगळा आळ आपल्या अंगावर घेतला होता. त्यासाठी ती वसतिगृहातली जागाही सोडायला निघाली होती. पंधरा वर्षांच्या मुलीने ते ठरवले होते आणि तिच्या नावापुढे मी लिहिले होते, भरवसा ठेवता येत नाही. मला त्या घरात मान वर करवेना.

उतरताना बाई म्हणाल्या, "पाड्यावर एका तव्यावर सगळं घर जेवतं. तू फोन तेवढा एकट्या पोरीचा केलास."

दुसऱ्या दिवशी आम्ही संस्थेच्या कार्यालयात गेलो. यादी फलकावर लागली होती, जागा भरल्या होत्या. तिथले अध्यक्ष चांगले गृहस्थ, पण आता यादी उघडली तर दहा पालक भांडायला येतील, ही त्यांची अडचण खरी होती. बाई त्यांना म्हणाल्या, "सही माझी आहे, म्हणून चूक माझी आहे. एका मुलीबद्दल मी खोटं लिहून दिलं. ते दुरुस्त होईपर्यंत मी इथून उठणार नाही." मला राहवले नाही. मी उभा राहिलो आणि तो शेरा माझा असल्याचे सांगू लागलो. बाईंनी माझ्याकडे न बघता मला बसायला सांगितले. संध्याकाळपर्यंत त्या तिथल्या बाकावर बसून होत्या, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली तेव्हाही तिथेच घातले. शेवटी अध्यक्षांनी मुलींच्या एका खोलीत जादा खाट टाकायचे मान्य केले. बाईंनी वनिताचे पान स्वतःच्या हाताने नव्याने लिहून दिले. ते मी पाहिलेले नाही.

जिन्यावर मी बाईंना विचारले, माझी चूक तुम्ही का घेतलीत. मला वाटले होते, त्या काहीतरी मायेचे बोलतील. त्या म्हणाल्या, "मी न वाचता सही केली, ती माझी चूक. तुझी तुझ्यापाशीच आहे. घरी जा आणि ती दुरुस्त कर."

मी ती केली, म्हणजे निदान करायला लागलो. 'एक फोन, एकच मूल' हा नियम गेला. 'उजळणी' उघडली की आता यंत्र आधी विचारते, 'आता कोण बसलंय?' घरातल्या प्रत्येकाला आपले पान मिळते. ते पान शिकणाऱ्याला स्वतःला वाचता येते आणि त्यातले काही पटले नाही तर तसे सांगता येते. प्रत्येक धड्याखाली एक खूण आहे, 'मला वाटतं, इथे तुमचं चुकतंय.' ती दाबली की निरोप माझ्याकडे येतो आणि मी जाणत्या माणसाला विचारतो. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण बरेचदा खरोखरच आमचे चुकलेले असते. घिवलीच्या एका मुलाने होडीच्या धड्यातल्या चार चुका दाखवल्या, त्या बाईंच्याही नजरेतून सुटल्या होत्या. बाईंना त्याचा इतका आनंद झाला की त्या त्याला भेटायला गेल्या. राबाचे वाक्य पहिल्या जागी गेले हे सांगायला नकोच. सोनीबाईंचे पान उघडताना यंत्र 'इयत्ता' मागत होते आणि ती भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. बाईंनी मला ती जागा रिकामी ठेवता येईल असे करायला लावले. आज त्या रिकाम्या जागेची पाने बरीच आहेत.

वनिता आता परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत ती बाईंकडे येते, त्यांचा रक्तदाब मोजते आणि पथ्य पाळत नाहीत म्हणून त्यांना रागे भरते. बाई तिच्यापुढे निमूट असतात. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना हे दृश्य बघवत नाही, इतके ते आम्हाला नवीन आहे. मला मात्र तिला पाहिले की आजही माझा तो शेरा आठवतो. एका ओळीने मी तिला भट्टीवर धाडायला निघालो होतो. बाईंना चुका वाचण्याची सवय नसती, तर ती तिथेच गेली असती आणि मला ते कधी कळलेही नसते. या माणसाचे ऋण मी शब्दांत मांडू शकत नाही, ते मला फेडायचेही नाही.

आता शुभेच्छा द्यायच्या. शतायुषी व्हा वगैरे मी आधीच लिहून ठेवले होते. पण गेल्या रविवारी वनिताच्या हाती सोनीबाईंनी या ग्रंथासाठी एक चिठ्ठी पाठवली. संपादकांनी ती जरा प्रमाण मराठीत करून द्यावी असे सुचवले. मी नाही म्हटले. माझा कागद मी फाडला आणि आम्हा सगळ्यांच्या वतीने बाईंच्या दीर्घ, निरोगी आयुष्यासाठी हीच चिठ्ठी खाली देतो, काना-मात्राही न बदलता.

'बाई, तुमी खूप वरसा जगा. डोल्याला जपा. उनात फिरू नका. आमचे पाड्यावर अजून सात बाया वाचाच्या रायल्यात.'